आजारपणाचं व्याज

मार्चचा शेवटचा आठवडा आला की जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या बँकांत आणि सोसायट्यांत 'नवं-जुनं' सुरू होतं. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं, तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज जवळजवळ शून्य पडतं. केंद्राची तीन टक्क्यांची सूट मिळते, उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. हातात पैसे नसलेला शेतकरी चार-आठ दिवसांसाठी कोणाकडून तरी उचल घेतो, जुनं खातं मिटवतो, नवं कर्ज काढतो आणि उचल परत करतो. सगळ्यांना ठाऊक असलेला, सगळ्यांनी मान्य केलेला हा खेळ आहे. त्याला एकच अट आहे: खातेदार सही करायला हजर पाहिजे.

धावडा, वालसावंगी, पारध, पिंपळगाव रेणुकाई हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाचा, बुलढाणा जिल्ह्याला चिकटलेला पट्टा. कपाशी, मका आणि मिरचीचा. इथल्या एखाद्या खातेदाराला फेब्रुवारीत लकवा मारला, किंवा मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं, तर मार्चअखेरीस त्याला भाड्याच्या जीपमध्ये आडवं घालून शाखेपर्यंत आणावं लागतं. भला कारकून असेल तर कागद आणि शाईचा पॅड घेऊन तो गाडीपर्यंत येतो. आणणं जमलं नाही तर तारीख हुकते, व्याजाची सवलत जाते, खातं थकीत होतं. तारीख आळसामुळे हुकली की अर्धांगवायूमुळे, संगणकाला दोन्ही सारखंच.

काम करणारे हात थांबले की गहाणाचा हप्ता कोणी भरायचा, हा प्रश्न बँकांहून फार जुना आहे. त्याच्या उत्तरांचा माग काढत मागे गेलं की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. वावर आजारी पडलं तर काय करायचं, याचे नियम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. वावर कसणारा आजारी पडला तर काय, याचा नियम मात्र अगदी सुरुवातीला एकदा दिसतो आणि मग दोन हजार वर्षं जवळजवळ गायब होतो.

सुरुवातीचा तो नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींना या ग्रंथाची पोथी सापडली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. तिसऱ्या अधिकरणातल्या ऋणाच्या प्रकरणात व्याजाचे दर दिलेले आहेत. शंभर पणांना महिन्याला सव्वा पण हा धर्म्य दर. व्यापाऱ्याला पाच, रानवाटेने जाणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस, म्हणजे जोखीम वाढेल तसा दर चढा. त्याच ठिकाणी कौटिल्य सांगतो की दीर्घ सत्रात अडकलेला, व्याधिग्रस्त, गुरुगृही राहणारा, अज्ञान बालक आणि कंगाल, या पाच जणांचं ऋण वाढू द्यायचं नाही. मुद्दल द्यायचंच, व्याजाची चाल तेवढी थांबते.

याच्यावरून लगेच प्राचीन भारताचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ग्रंथात नियम असला म्हणून कुठल्या गावच्या सावकाराने तो पाळला असं होत नाही, आणि तो पाळला गेल्याची नोंद शोधायला गेलं तर हाती फारसं लागतही नाही. पण आजारी माणसाची कमाई बंद असते म्हणून त्याचं व्याजही बंद असावं, हा विचार त्या काळी कोणाला तरी सुचला होता आणि कायद्याच्या भाषेत मांडण्याजोगा वाटला होता, एवढं नक्की.

गावांनी स्वतःचं उत्तर वेगळंच काढलं आणि त्यात पैशाचा संबंध नव्हता. मराठवाड्यात सावड आणि इर्जिक हे दोन शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. सावड म्हणजे फेड असलेलं काम. आज तुमच्या निंदणीला आम्ही, उद्या आमच्या कापणीला तुम्ही. इर्जिक जरा वेगळं. एखाद्याचा बैल मेला, किंवा ऐन पेरणीत तो स्वतः अंथरुणाला खिळला, तर गावातले आठ-दहा जण आपापली औतं घेऊन एकाच दिवशी त्याच्या रानात उतरायचे, अख्खं वावर नांगरून किंवा पेरून द्यायचे, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण व्हायचं. मजुरी नाही, हिशेब नाही. घरच्या बाईवर मात्र त्या दिवशी वीस-पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाचा बोजा पडायचा, आणि इर्जिकाचं कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत.

सारा जोवर धान्यात आणि देणंही धान्यात, तोवर इर्जिक पुरत होतं. आजाऱ्याचं रान पेरलं गेलं की देण्याची सोय आपोआप झाली. ते रोकड्या कर्जापुढे लंगडं पडलं, कारण दहा औतं मिळून पेरणी करता येते, हप्ता भरता येत नाही.

राज्यकर्त्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने पाहिला. शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल, नांगर, पोटाला दाणे नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, खंडी-दोन खंडी धान्य द्या, आणि त्याला ताकद येईल तसतसं वाढीदिढी न लावता नुसतं मुद्दल वसूल करा, असा त्याचा आशय. कर्जवसुलीची गती ऋणकोच्या ताकदीवर ठरवणारा इतका स्पष्ट सरकारी हुकूम क्वचितच सापडतो. मात्र यातला कुणबी धडधाकट आहे. हात आहेत, अवजार नाही. अवजार आहे पण हात गेले, हा कुणबी या पत्राच्या कक्षेत येत नाही. पुढे तगाईचीही, म्हणजे सरकारने शेतकऱ्याला द्यायच्या उचलीची, सारी परंपरा याच वळणाने गेली: बियाण्याला तगाई, बैलाला तगाई, विहिरीला तगाई.

इंग्रजी अमलात जमीन विकाऊ झाली आणि गहाणाला धार आली. नजरगहाणात वावर कुळाकडेच राहायचं, ताबेगहाणात ते सावकाराकडे जायचं, आणि मुदतखरेदीत तर कागदावर थेट विक्रीच व्हायची, मुदतीत पैसे दिले तर परत खरेदी करून देण्याच्या बोलीवर. आजारपणात सर्वांत जास्त कागद या तिसऱ्या प्रकारचे होतात, कारण दवाखान्याला पैसे आजच लागतात आणि अडलेल्या माणसाला मोठी रक्कम मुदतखरेदीवरच मिळते. मुदत उलटते तेव्हा तो बरा झालेला असतोच असं नाही. 'पैसे आले की खरेदी पलटवून देतो' हे वाक्य आजही मराठवाड्यात तोंडी चालतं, आणि त्याची किंमत तोंडी वाक्याइतकीच असते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. या कायद्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासायचा अधिकार दिला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि हुकूमनाम्याची रक्कम हप्त्याहप्त्याने भरण्याची मुभा देता येईल असं ठरवलं. ऋणकोची परिस्थिती पाहून कोर्टाने हप्ते बांधून द्यायचे, ही आजच्या पुनर्गठनाची आजीच म्हणायची. समंजस न्यायाधीशापुढे आजारपणही परिस्थितीत मोडू शकत होतं. मात्र कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

धावडा तेव्हा निजामाच्या मुलुखात होतं. सरकारी कागद आधी फारसीत, पुढे उर्दूत, गहाणाला शब्द 'रेहन', आणि सावकाराची वही मोडीत. कुळाला यातलं काहीच वाचता येत नसे. संस्थानात सहकारी पतपुरवठा १९१४ च्या सुमारास सुरू झाला, पण तो पुरा पडण्याजोगा नव्हता. १९२९-३० मध्ये केशव अय्यंगार यांनी संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली, १९३७ मध्ये भरूचा यांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचा अहवाल आला, आणि चाळीसच्या आसपास जमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ नये म्हणून, सावकारीला लगाम बसावा म्हणून, कर्जाची तडजोड व्हावी म्हणून असे कायदे फसली सनांत निघाले. सुप्यात रोखे जळून तोवर साठेक वर्षं झाली होती. मराठवाडा अनेक बाबतींत असाच एक-दोन पिढ्या मागून चालत आला, आणि मागून येणाऱ्याला तयार धडा मिळतो हे म्हणणं इथे तरी खरं ठरलं नाही.

आता वावराच्या आजाराकडे. मुंबई इलाख्यात पिकाची आणेवारी काढायची पद्धत होती. पूर्ण पीक सोळा आणे. ते चार आण्यांवर किंवा खाली गेलं तर त्या वर्षीचा सारा पुरता तहकूब. १९१८ चा खेडा सत्याग्रह नेमका याच आकड्यावर झाला. पीक चार आण्यांच्या खाली आहे असं शेतकरी म्हणत होते, सरकार ते वर दाखवत होतं. आणे गेले, पैसेवारी आली. आज पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागली की टंचाईच्या सवलती लागू होतात. नैसर्गिक आपत्तीत पीक तेहतीस टक्के किंवा जास्त गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर होऊ शकतं. थकबाकीच्या व्याख्येतही वावराचा विचार केलेला आहे. घरकर्ज किंवा धंद्याचं कर्ज नव्वद दिवस थकलं की अनुत्पादक ठरतं. कमी मुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण जप्त करायचा अधिकार दिला, पण शेतजमीन त्यातून वगळली.

हे सगळं योग्यच आहे. पाऊस शेतकऱ्याच्या हाती नसतो, हे कायद्याने ओळखलं. पण वावराला ही जी सवलत मिळते ती गावाला एकदम मिळते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात, पंचनामा होतो, सबंध मंडळाची आकडेवारी निघते. आजार एकट्यादुकट्याला होतो. सगळ्या गावाची मका वाळली तर मोर्चा निघतो. एकाच घरातल्या माणसाची किडनी निकामी झाली तर चौकात दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी त्याचं रान कोण बटईने करणार याची चौकशी. सवलतीच्या इतिहासात आजारी माणूस मागे पडला त्याचं मला दिसणारं कारण हेच आहे: त्याच्यामागे गर्दी नसते.

जमीन तारण ठेवून दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी सहकारी संस्था म्हणून मुंबई प्रांतात १९३५ मध्ये भूतारण बँक उभी राहिली. पुढे तिची भूविकास बँक झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. विहीर, इंजिन, पाइपलाइन, जमीन सपाटीकरण, मराठवाड्यातलं कितीतरी बागायत या कर्जावर झालं. बदल्यात सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढला. कर्ज दहा-पंधरा वर्षांचं असे, आणि एवढ्या काळात घरातला कर्ता एकदा तरी मोठा आजारी पडतोच. बँकेकडे त्याची तजवीज नव्हती. विहिरीला पाणी लागेल की नाही याची छाननी होई, खोदणाऱ्याच्या तब्येतीची नाही. शेवटी बँकच आधी आजारी पडली आणि अवसायनात निघाली. २०२२ मध्ये राज्य सरकारने तिच्या सुमारे पस्तीस हजार कर्जदारांची ९६४ कोटींची थकबाकी माफ केली, तेव्हा कुठे कित्येकांच्या आजोबांच्या नावचे बोजे उतरायला वाट झाली.

दरम्यान हप्ते भरत कोण होतं? १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, म्हणजे गोरवाला समितीच्या पाहणीत, उत्तर आहे. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता ३.१ टक्के, सरकारचा ३.३, सावकारांचा सत्तरीच्या जवळ. या आकड्यांचा खूप उल्लेख होतो. त्याच तक्त्यातला नातेवाइकांचा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही: १४.२ टक्के. सरकार आणि सहकार मिळून जेवढं देत होते, त्याच्या दुपटीहून जास्त सोयरे-भाऊबंद देत होते. मेहुण्याने घातलेली भर, बहिणीने मोडलेली पाटली, मामाने विकलेला गोऱ्हा, हीच या देशातली आजारपणातली खरी हप्तायोजना. तिची पावती नसते, आणि परतफेड बहुधा पुढच्या पिढीतल्या लग्नात होते.

आणीबाणीच्या काळात १९७५ चा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा झाला. अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जं त्याने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात १९७७ मध्ये तो टिकलाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला, आणि वर म्हटलेल्या मुदतखरेदीच्या कागदांना पहिल्यांदाच खरी भीती वाटू लागली. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांबद्दल इतकं लिहून झालंय की इथे एवढंच पुरे: तिन्हींनी थकबाकीची तारीख आणि रक्कम पाहिली, थकण्याचं कारण एकीनेही विचारलं नाही.

कष्टकऱ्याच्या शरीराची दखल कारखान्याच्या दारातून आली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात माणसाचे अवयव टक्क्यांत मोजले आहेत. दोन्ही हात गेले तर शंभर, अंगठा गेला तर तीस. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने नुसत्या आजारालाही मजुरी दिली, वर्षातून ९१ दिवस, पगाराच्या सत्तर टक्के दराने. जालन्याच्या स्टील कारखान्यात नोंद असलेला कामगार कावीळ होऊन पडला तर घरकर्जाच्या हप्त्यापुरतं काही हाताशी येऊ शकतं. त्याचा धावड्यातला भाऊ त्याच काविळीने पडला तर त्याला काही नाही, कारण तो स्वतःच स्वतःचा मालक आहे.

शेतकऱ्यासाठी दार २००५ नंतर किलकिलं झालं, तेही अपघातापुरतं. राज्याच्या अपघात विमा योजनेला २०१५ मध्ये गोपीनाथ मुंडे यांचं नाव मिळालं, आणि २०२३ पासून विमा कंपनीला बाजूला काढून सरकार थेट सानुग्रह अनुदान देऊ लागलं. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. साप चावणं, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, सगळं धरलं आहे. शेतीतले धोके ओळखूनच यादी केलेली दिसते. वर्षाला वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा साचाही असाच. पण मधुमेहाने सडून पाय कापावा लागला तर तो अपघात नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च निघतो. जालन्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिने सामावून घेतलं. हे पैसे दवाखान्याला जातात. संजय गांधी निराधार योजनेचं, १९८० पासून चालत आलेलं अनुदान २०२३ मध्ये महिना दीड हजार झालं. ते पोटाला आहे, हप्त्याला नाही.

ब्रिटनमध्ये बेकारी किंवा आजारपणाचा भत्ता घेणाऱ्याच्या घरकर्जाचं व्याज सरकार भरत असे. तिथेही एप्रिल २०१८ पासून ती मदत उसनी झाली, घर विकलं की परत करायची. आपल्याकडे घरबसल्या हप्ता थांबण्याचा सार्वत्रिक अनुभव एकदाच आला. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तीन महिन्यांची स्थगिती जाहीर केली, मग ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. तेव्हाही व्याज चढतच राहिलं. व्याजावरचं व्याज माफ व्हावं यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२१ मध्ये ते सर्वांसाठी रद्द झालं. व्याज मात्र सगळ्यांनी भरलं. सहा महिने सारा देश कामाला मुकला होता, तरी कौटिल्याच्या पाच जणांइतकी सूट कोणाला मिळाली नाही.

घरकर्ज घेताना बँका हल्ली कर्जसुरक्षा विमा गळ्यात मारतात. हप्ता कर्जातच मिळवतात, म्हणून तो जाणवत नाही. साधी पॉलिसी फक्त मृत्यूवर कर्ज फेडते. कायमचं अपंगत्व आणि गंभीर आजार यांसाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं, आणि गंभीर आजारांची यादी कंपनी ठरवते. सही करण्याआधी तेवढं पान वाचावं, मग बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये देणारा शासन निर्णय २००६ चा आहे. तीस हजार रोख, सत्तर हजारांची ठेव. पात्रतेसाठी मयताच्या नावे कर्ज थकीत असल्याचा आणि फेडीचा तगादा असल्याचा पुरावा लागतो. मार्चअखेरीस ज्या थकबाकीचं कारण कोणी विचारलं नव्हतं, ती इथे फाइलीतला सर्वांत महत्त्वाचा कागद होते.

एकेकाळी याच निजामी राज्याचा भाग असलेल्या तेलंगणाने ऑगस्ट २०१८ मध्ये रयतू बीमा सुरू केला. एलआयसीमार्फत, सारा हप्ता सरकारचा. अठरा ते एकोणसाठ वयाचा शेतकरी कोणत्याही कारणाने गेला, अगदी नैसर्गिक आजाराने गेला, तरी वारसाला पाच लाख. अपघाताची अट तिथे काढून टाकली आहे, पंचनाम्याची कटकट नाही आणि पैसे लवकर मिळतात. महाराष्ट्राने उचलण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. पण शेतकरी त्या आजारातून वाचला आणि पुढली सहा वर्षं अंथरुणावर राहिला, तर पाच लाखही नाहीत आणि हप्ताही थांबत नाही. ती सहा वर्षं तिथेही भाऊबंदच काढतात.